हजार पौंड आणि चौदा माणसे : गुप्तवार्ता कार्यालयातील युनियनबंदीचा इतिहास

(थ्रेड)

१.
२५ जानेवारी १९८४. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर जेफ्री हाऊ हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवेदनासाठी उभे राहिले. चेल्टनहॅम येथे मुख्यालय असलेल्या एका सरकारी कार्यालयातील कर्मचाऱ्यांना यापुढे राष्ट्रीय कामगार संघटनांचे सभासद राहता येणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. सभासदत्व सोडणाऱ्याला १,००० पौंड मिळणार होते. निर्णय घेण्यासाठी मुदत होती १ मार्चपर्यंत. कार्यालयात ७,००० हून अधिक माणसे काम करीत होती. त्यांपैकी चौदा जणांची नोकरी पुढे या आदेशापायी गेली आणि आदेशावरून झालेल्या खटल्याने ब्रिटिश घटनात्मक कायद्याची दिशा बदलली.

२.
या कार्यालयाचे नाव जीसीएचक्यू, अर्थात गव्हर्नमेंट कम्युनिकेशन्स हेडक्वार्टर्स. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मन ‘एनिग्मा’ यंत्राचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या संस्थेचा हा थेट वारसदार. युद्धानंतर संस्थेला नवे नाव मिळाले आणि १९५०च्या दशकाच्या प्रारंभी तिचा मुक्काम ग्लॉस्टरशर परगण्यातील चेल्टनहॅम या टुमदार गावी हलला. परकीय राष्ट्रांचे रेडिओ व इतर संदेश पकडणे, त्यांची सांकेतिक भाषा उकलणे आणि स्वतःच्या सरकारचे दळणवळण सुरक्षित ठेवणे, हे तिचे काम. १९४६च्या गुप्त करारानुसार अमेरिकेशी माहितीची देवाणघेवाण चाले.

३.
गुप्तवार्ता म्हटले की डोळ्यांसमोर एकटा हेर उभा राहतो. जीसीएचक्यूचे वास्तव निराळे होते. कानाला हेडफोन लावून पाळीपाळीने संदेश टिपणारे रेडिओ ऑपरेटर, रशियन-चिनी जाणणारे भाषातज्ज्ञ, गणिती, अभियंते, टंकलेखक आणि कारकून अशी ही मोठी कचेरी होती. पगारश्रेणी, पाळ्या, बढत्या, रजा हे प्रश्न इतर कोणत्याही सरकारी खात्याइतकेच येथेही होते. म्हणूनच १९४७पासून येथील कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय कर्मचारी संघटनांत सामील होण्याची केवळ मुभाच नव्हती, तर प्रोत्साहनही होते. सेवाशर्तींत महत्त्वाचा बदल करण्यापूर्वी संघटनांशी विचारविनिमय करण्याचा प्रघात साडेतीन दशके पाळला गेला. गोपनीयतेची शपथ आणि युनियनचे सभासदत्व ही दोन्ही एकाच माणसाच्या खिशात सुखाने नांदत होती.

४.
मग बिघडले काय? १९७९ ते १९८१ या काळात ब्रिटनमधील सरकारी कर्मचारी आणि सरकार यांच्यात वेतनावरून तीव्र संघर्ष झाला. फेब्रुवारी १९७९ ते एप्रिल १९८१ या दरम्यान जीसीएचक्यूमध्ये सात वेळा औद्योगिक कारवाई झाली : एकदिवसीय संप, नियमानुसार काम, जादा कामावर बहिष्कार. सर्वांत मोठा फटका ९ मार्च १९८१ रोजी बसला. त्या दिवशी सुमारे २५ टक्के कर्मचारी कामावर आले नाहीत आणि कामकाजाचे काही विभाग जवळजवळ बंद पडले, असे सरकारने पुढे न्यायालयात सांगितले. या साऱ्या काळात मिळून सुमारे १०,००० कामाचे दिवस बुडाले, असा सरकारचा हिशेब होता.

५.
संघटनांचे उत्तर असे होते : हे तंटे वेतनाचे होते आणि देशभरच्या मुलकी सेवेचे होते, एकट्या चेल्टनहॅमचे नव्हेत. शिवाय शेवटची कारवाई एप्रिल १९८१ची. त्यानंतर १९८२मध्ये फॉकलंडचे युद्ध झाले, तेव्हा हेच कर्मचारी रात्रंदिवस कामावर होते. धोका खरोखर एवढा मोठा असेल, तर सरकार जवळजवळ तीन वर्षे स्वस्थ का बसले?

६.
सरकारचे स्पष्टीकरण लक्षात घेण्याजोगे आहे. जीसीएचक्यू नेमके काय करते, हेच तोवर अधिकृतपणे मान्य केलेले नव्हते. जे कार्यालय हेरगिरी करते हेच कबूल नाही, तेथे राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून युनियनबंदी कशी जाहीर करणार? हा पडदा दूर झाला तो एका फितुरीमुळे. जीसीएचक्यूत काम केलेला जेफ्री प्राइम वर्षानुवर्षे सोव्हिएत संघाला गुपिते पुरवीत होता. नोव्हेंबर १९८२मध्ये त्याला दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी सुरक्षा आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि जीसीएचक्यूचे खरे स्वरूप सरकारने उघडपणे मान्य केले. प्राइमच्या फितुरीशी युनियनचा काडीइतकाही संबंध नव्हता, हे येथे नोंदवले पाहिजे.

७.
याच अहवालाने आणखी एक ठिणगी टाकली. कर्मचाऱ्यांची पॉलिग्राफ, म्हणजे असत्यशोधक यंत्राद्वारे, प्रायोगिक चाचणी घ्यावी अशी त्यात शिफारस होती. अमेरिकन गुप्तवार्ता संस्थांत ही पद्धत रूढ होती. ब्रिटिश संघटनांनी तिला विरोध केला. त्यामुळे बंदीमागे अमेरिकेचा दबाव आहे आणि पॉलिग्राफची वाट मोकळी करण्यासाठी युनियनला दूर केले जात आहे, असा संशय अनेकांनी व्यक्त केला. सरकारने तो नाकारला.

८.
बंदीचा आदेश निघाला कसा, हा या प्रकरणाचा गाभा आहे. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्याकडे मुलकी सेवेचे मंत्रिपदही होते. २२ डिसेंबर १९८३ रोजी त्या नात्याने त्यांनी तोंडी सूचना दिली. संसदेत विधेयक नाही, मतदान नाही, संघटनांशी चर्चा नाही. अधिकार कोठून आला? राजसत्तेच्या प्राचीन विशेषाधिकाराखाली काढलेल्या १९८२च्या एका आदेशातून. ब्रिटनमध्ये लिखित एकसंध राज्यघटना नाही. मुलकी सेवकांची नेमणूक आणि सेवाशर्ती हा पूर्वी राजाच्या मर्जीचा विषय होता. काळाच्या ओघात ती मर्जी मंत्र्यांच्या हाती आली. पण तिचे मर्जीपण कायम राहिले.

९.
कर्मचाऱ्यांच्या हाती एक छापील पत्र पडले. त्यात दोन पर्याय होते. पहिला : युनियन सोडून येथेच नोकरी करणे आणि १,००० पौंड स्वीकारणे. दुसरा : सरकारच्या अन्य खात्यात बदली मागणे. दोन्ही न निवडणाऱ्यासमोर बडतर्फीची टांगती तलवार होती. यापुढे संचालकांची संमती असलेल्या खातेअंतर्गत कर्मचारी मंडळातच सामील होता येणार होते. शिवाय परराष्ट्रमंत्र्यांनी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव प्रमाणपत्रे काढून या कर्मचाऱ्यांना रोजगारविषयक कायद्यांच्या संरक्षणातून वगळले. अन्याय झाला म्हणून कामगार न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचे दारही त्यामुळे बंद झाले.

१०.
त्या हजार पौंडांनी जखमेवर मीठ चोळले. गेलेल्या हक्कांची ती भरपाई, असे सरकार म्हणत होते. विरोधकांना मात्र बायबलमधल्या ज्यूडासची चांदीची तीस नाणी आठवली. पुढे या रकमेचा प्रश्न करविषयक खटल्याच्या रूपाने न्यायालयातही गेला : हक्क सोडल्याबद्दल मिळालेल्या पैशावर आयकर लागतो काय? लागतो, असा निकाल झाला. संघटित होण्याचा हक्क नोकरीशी निगडित होता, म्हणून त्याचे मोलही नोकरीतूनच आलेले उत्पन्न ठरले. अशा रीतीने हक्काच्या किमतीतला एक हिस्सा सरकारी तिजोरीत परतला.

११.
तडजोडीची वाट मात्र खुली होती. फेब्रुवारी १९८४मध्ये संघटनांच्या नेत्यांनी पंतप्रधानांची भेट घेतली आणि लेखी हमी देऊ केली : सभासदत्व राहू द्या, जीसीएचक्यूचे अत्यावश्यक कामकाज कोणत्याही तंट्यात खंडित होणार नाही असा करार आम्ही करतो. संसदेच्या रोजगारविषयक निवड समितीनेही समेटाच्या बाजूने कौल दिला. आणि या समितीत बहुमत सत्ताधारी हुजूर पक्षाचेच होते. थॅचर यांनी ही हमी पुरेशी मानली नाही. एकाच वेळी देश आणि युनियन या दोहोंशी निष्ठा असणाऱ्याच्या मनात संघर्ष उद्भवू शकतो, असा सरकारचा मूळ युक्तिवाद होता.

१२.
२८ फेब्रुवारी १९८४ रोजी देशभर निषेध झाला. मुदत संपली तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांनी पहिला पर्याय स्वीकारलेला होता. त्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे ठरेल. चेल्टनहॅमसारख्या गावात संदेशशास्त्राचे हे विशिष्ट कौशल्य अन्यत्र कोठे विकता येणार होते? काम गुप्त असल्याने दुसऱ्या मालकाला अनुभवाचे तपशीलही सांगता येत नव्हते. घराचे हप्ते, मुलांच्या शाळा हे सारे सहीच्या पारड्यात पडले. तरीही सुमारे १३० जणांनी सही केली नाही. त्यांना लगेच काढण्यात आले नाही, कारण प्रकरण न्यायालयात गेले होते.

१३.
१६ जुलै १९८४ रोजी न्यायमूर्ती ग्लाइडवेल यांनी उच्च न्यायालयात संघटनांच्या बाजूने निकाल दिला. संघटनांशी विचारविनिमय न करता हक्क काढून घेणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, म्हणून पंतप्रधानांची सूचना अवैध. थॅचर सरकारला हा मोठा धक्का होता. पण तो टिकला तीन आठवडे. ६ ऑगस्टला अपील न्यायालयाने निकाल फिरवला. आता सरकारचा मुख्य मुद्दा असा झाला : आधी चर्चा केली असती, तर संघटनांनी त्याच वेळी काम बंद पाडले असते आणि सुरक्षेला धोका पोहोचला असता, म्हणून चर्चा टाळणे भाग होते.

१४.
अंतिम निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सचा. लॉर्ड फ्रेझर, स्कार्मन, डिप्लॉक, रॉस्किल आणि ब्राइटमन अशा पाच न्यायाधीशांनी २२ नोव्हेंबर १९८४ रोजी निकाल दिला. त्याचे दोन भाग आहेत आणि ते वेगवेगळे पाहायला हवेत.

पहिला भाग क्रांतिकारक होता. राजसत्तेचा विशेषाधिकार वापरला म्हणून सरकारची कृती न्यायालयाच्या कक्षेबाहेर जात नाही. अधिकार संसदेच्या कायद्यातून आला की राजाच्या परंपरेतून, याने फरक पडत नाही. प्रश्न असतो तो अधिकाराच्या विषयाचा. पाचांपैकी तिघांनी हे तत्त्व व्यापक स्वरूपात मांडले. फ्रेझर व ब्राइटमन यांनी प्रदत्त अधिकारापुरतेच बोलणे पसंत केले.

१५.
लॉर्ड डिप्लॉक यांनी सरकारी निर्णय तपासण्याच्या तीन कसोट्या मांडल्या : अवैधता, विवेकशून्यता आणि कार्यपद्धतीतील दोष. सरकारने कायदा चुकीचा समजून घेतला काय? कोणताही समंजस माणूस घेणार नाही असा निर्णय घेतला काय? योग्य पद्धत डावलली काय? या तीन प्रश्नांवर आज राष्ट्रकुलातील प्रशासकीय कायद्याचा मोठा डोलारा उभा आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या ‘टाटा सेल्युलर’ खटल्यात याच कसोट्यांचा आधार घेतला. २०१९मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसद संस्थगित करण्याचा दिलेला सल्ला ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला, त्या निकालाची मुळेही या परंपरेत सापडतात.

१६.
दुसऱ्या भागात कर्मचारी हरले. साडेतीन दशकांच्या प्रघातामुळे चर्चेची रास्त अपेक्षा बाळगण्याचा त्यांना अधिकार होता, हे न्यायाधीशांनी मान्य केले. एरवी या एका मुद्द्यावर ते जिंकले असते. परंतु राष्ट्रीय सुरक्षेची गरज काय, हे ठरवणे कार्यकारी सत्तेचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे, असे पाचही जणांचे मत पडले. सुरक्षेचा विचार खरोखरच झाला होता एवढा पुरावा न्यायालयाने पाहिला. तो पुरावा म्हणजे मंत्रिमंडळ सचिव सर रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांचे प्रतिज्ञापत्र. धोका खरा होता की फुगवलेला, याची छाननी झाली नाही.

१७.
इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे ते येथे. या खटल्याने नागरिकांच्या हाती सरकारला जाब विचारण्याचे नवे शस्त्र दिले. पण ज्यांनी ते घडवले त्यांच्याच हाती ते बोथट झाले. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे दोन शब्द उच्चारले गेले की कसोट्या बाजूला पडतात, हेही याच निकालाने शिकवले. चेल्टनहॅमच्या कर्मचाऱ्यांनी गुपिते उघड करण्याचा हक्क कधी मागितलाच नव्हता. त्यांचे म्हणणे इतकेच होते की, देशाची गुपिते राखण्याइतका ज्या माणसावर विश्वास आहे, त्याच्यावर स्वतःची संघटना निवडण्याइतका विश्वास का असू नये?

१८.
लढा आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर गेला. संघटनस्वातंत्र्याविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८७ क्रमांकाचा करार १९४९मध्ये सर्वप्रथम मंजूर करणारा देश होता ब्रिटन. त्या करारात अपवाद आहेत ते केवळ सैन्य आणि पोलीस यांचे. बंदी या कराराशी विसंगत आहे, असा निष्कर्ष श्रम संघटनेच्या समितीने काढला. ब्रिटन बधले नाही. दुसरीकडे युरोपीय मानवी हक्क आयोगाने जानेवारी १९८७मध्ये संघटनांचा अर्ज दाखल करून घेण्यास नकार दिला. राज्ययंत्रणेतील कर्मचाऱ्यांवर कायदेशीर निर्बंध घालण्याची मुभा युरोपीय करारातच आहे, हे त्याचे कारण. कायदेशीर वाटा तेथे संपल्या.

१९.
मग बडतर्फी सुरू झाली. नोव्हेंबर १९८८मध्ये पहिल्या काही जणांना काढण्यात आले आणि मार्च १९८९पर्यंत हा आकडा चौदावर गेला. त्यांत भाषातज्ज्ञ होते, रेडिओ ऑपरेटर होते. अनेकांची दीर्घ सेवा झालेली होती. कोणावरही गुपित फोडल्याचा आरोप नव्हता. देशभरच्या संघटनांच्या वर्गणीतून त्यांना आधार मिळत राहिला आणि ते गावोगावी सभा घेत हिंडले. दर वर्षी जानेवारीत, बंदीच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, चेल्टनहॅमच्या रस्त्यांवरून मोर्चा निघू लागला.

२०.
कार्यालयात संचालकांच्या संमतीने एक अंतर्गत कर्मचारी मंडळ उभे राहिले होते. त्याने स्वतंत्र कामगार संघटना म्हणून प्रमाणपत्र मागितले. ते नाकारले गेले आणि अपिलातही नकार कायम राहिला. ज्या संघटनेचे अस्तित्वच व्यवस्थापनाच्या संमतीवर अवलंबून आहे, ती स्वतंत्र कशी? संघटना सोडून दुसरी मिळाली आहे, हा सरकारचा दिलासा सरकारी व्यवस्थेनेच असा पोकळ ठरवला.

२१.
१ मे १९९७च्या निवडणुकीत मजूर पक्ष सत्तेवर आला. बंदी उठवण्याचे वचन त्याने आधीच दिले होते. १५ मे रोजी परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी ती उठवल्याची घोषणा केली. तेरा वर्षांपूर्वी जसा कायद्यावाचून हक्क गेला होता, तसाच तो कायद्यावाचून परत आला. बडतर्फ झालेल्यांना पुन्हा नोकरी देऊ करण्यात आली. तिघांनी ती स्वीकारली. इतरांच्या आयुष्याची मधली वर्षे तोवर दुसऱ्याच वाटेने निघून गेली होती.

२२.
याच काळात भारतातही हाच प्रश्न उभा होता, आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. नोव्हेंबर १९८०मध्ये दिल्लीत ‘रॉ’ या गुप्तवार्ता संस्थेच्या मुख्यालयात ओळखपत्र तपासणीच्या नव्या पद्धतीवरून असंतोष भडकला. निदर्शने झाली, अटका झाल्या, लेखणीबंद आंदोलन झाले. काही कर्मचाऱ्यांना चौकशीविना बडतर्फ करण्यात आले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ मधील अपवादाचा आधार घेऊन केलेली ही कारवाई सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९८५मध्ये वैध ठरवली.

२३.
दरम्यान सप्टेंबर १९८४मध्ये, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सच्या निकालाच्या सुमारे दोन महिने आधी, ५०वी घटनादुरुस्ती अमलात आली. सैन्य आणि सुव्यवस्था राखणारी दले यांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याची मुभा अनुच्छेद ३३ने संसदेला पूर्वीच दिली होती. त्या यादीत आता गुप्तवार्ता संस्थांची भर पडली. पाठोपाठ १९८५चा कायदा आला. ‘आयबी’ आणि ‘रॉ’ यांच्या कर्मचाऱ्यांना कामगार संघटनेचे सभासद होण्यास त्याने मनाई केली. तो आजही लागू आहे.

२४.
दोन्ही देश एकाच निष्कर्षाला पोहोचले, पण वाटा निराळ्या. ब्रिटनमध्ये एका मंत्र्याच्या तोंडी सूचनेने हक्क गेला, म्हणून तो सरकार बदलताच परतही आला. भारतात निर्णय संसदेने उघडपणे, घटनादुरुस्ती करून घेतला. त्याची पद्धत निर्दोष होती. म्हणूनच तो अधिक खोल रुजला. संघटनस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९(१)(ग) आणि ते काढून घेण्याची मुभा देणारा अनुच्छेद ३३ एकाच प्रकरणात, थोड्याच पानांच्या अंतरावर आहेत.

२५.
चेल्टनहॅमच्या कर्मचाऱ्यांचा खटला आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘जीसीएचक्यू केस’ या नावाने पाठ असतो. डिप्लॉक यांच्या तीन कसोट्या परीक्षेत हमखास विचारल्या जातात. मात्र त्या कसोट्यांच्या उगमाशी हजार पौंड नाकारणारे रेडिओ ऑपरेटर आणि भाषातज्ज्ञ होते, हे उत्तरपत्रिकेत क्वचितच येते. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, तरी त्यांनी उभा केलेला प्रश्न पुढे असंख्य खटल्यांत इतरांच्या कामी आला.

(थ्रेड समाप्त)